ज्येष्ठांच्या हक्काच्या सेवा, पाठपुरावा आणि मोबाईल: बेळगाव सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि हुक्केरी या भागांतल्या ज्येष्ठ नागरिकांकडून, त्यांच्या मुलासुनांकडून आणि गावात धावपळ करणाऱ्या तरुणांकडून जे प्रश्न ज्येष्ठांसाठी पाठपुरावा करणाऱ्या आमच्या गटाकडे पुन्हापुन्हा येतात, ते येथे शक्यतो विचारणाऱ्याच्याच शब्दांत दिले आहेत. ज्याला जो प्रश्न पडला असेल त्याने तेवढेच उत्तर वाचले तरी काम अडू नये, अशा बेताने ती लिहिली आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध येतो तेथे त्याचा क्रमांक दिला आहे.

1. पाठपुरावा म्हणजे नेमके काय? अर्ज तर आम्ही देतच असतो.

एखाद्या आजीचा थांबलेला पगार (आपल्याकडे म्हातारपणाच्या पेन्शनला पगारच म्हणतात) पुन्हा सुरू करून देणे ही मदत झाली. तिच्यासारखाच आणखी किती जणांचा पगार त्याच कारणाने थांबला आहे हे शोधून, ती यादी तारखांसह अधिकाऱ्यापुढे ठेवून, ते कारणच दूर होईपर्यंत विचारत राहणे हा पाठपुरावा. मदतीने एका घरातली चूल पेटते. पाठपुराव्याने पुढच्या वर्षी साठी ओलांडणाऱ्यांचाही हेलपाटा वाचतो.

काही मागण्या तर गावाच्या पातळीवर सुटणाऱ्याच नसतात. केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेत 60 ते 79 वयोगटासाठी केंद्राचा वाटा महिन्याला 200 रुपये आहे. 80 वर्षांवरील व्यक्तींसाठी तो 2011 मध्ये 500 रुपये करण्यात आला. खालच्या वयोगटाचे 200 रुपये मात्र त्याही आधीपासून जागचे हललेले नाहीत. राज्य आपली भर घालते म्हणून हातात अधिक रक्कम येते, पण केंद्राचा हा आकडा बदलायचा असेल तर खासदारांपर्यंत जावे लागते, आणि तेथे रिकाम्या हाताने जाऊन चालत नाही.

2. आमच्या गावातल्या बहुतेक म्हाताऱ्या माणसांकडे स्मार्टफोन नाही. मग तंत्रज्ञानाचा त्यांना काय उपयोग?

प्रत्येकाच्या हाती स्मार्टफोन असण्याची गरज नाही. वाडीत एक चांगला फोन, तो वापरणारी एक विश्वासू व्यक्ती आणि एक जाड वही एवढ्यावर बहुतेक कामे होतात. फोनमध्ये जे जाते ते वहीतही लिहावे, कारण फोन हरवतो आणि कार्यकर्ता नोकरीसाठी गोव्याला निघून जातो. वही गावात राहते.

साध्या फोनची एक अडचण मात्र खरी आहे. खात्याकडून येणारे संदेश कन्नड लिपीत असतात आणि जुन्या बटणांच्या फोनवर त्या अक्षरांच्या जागी नुसते चौकोन उमटतात. खानापूर तालुक्यातल्या एका आजोबांनी असे चौकोनांचे संदेश कंपनीची जाहिरात समजून पुसून टाकले होते, आणि त्यांतच कागदपत्रे आणून देण्याची सूचना होती. म्हणून अर्जावर संपर्कासाठी असा क्रमांक द्यावा, ज्यावर कन्नड संदेश दिसतो आणि जो फोन गावातच असतो. आधारला जोडलेला क्रमांक वेगळा असू शकतो. त्याबद्दल प्रश्न 7 पाहावा.

3. संध्या सुरक्षा किंवा ज्येष्ठ नागरिक ओळखपत्रासाठी अर्ज कोठे करायचा?

कर्नाटकात 65 वर्षे पूर्ण झालेल्या गरजू व्यक्तींना संध्या सुरक्षा योजनेतून महिना 1200 रुपये मिळतात. त्यासाठीचा अर्ज नाडकचेरीत (तालुक्याखालच्या महसूल कार्यालयात) करता येतो. ज्येष्ठ नागरिक ओळखपत्र 60 वर्षांनंतर मिळते आणि त्याचा अर्ज सेवा सिंधू पोर्टलवर होतो. घरून जमत नसेल तर खेड्यात ग्राम वन (Grama One) आणि शहरात बेळगाव वन (Belagavi One) या सरकारी सेवा केंद्रांत तो भरून घेतात. केंद्रावर जाताना आधार, रेशन कार्ड, बँक पासबुक आणि वयाचा पुरावा यांच्या मूळ प्रती सोबत न्याव्यात. झेरॉक्सवर काम होईल असे गृहीत धरू नये.

4. अर्ज देऊन तीन महिने झाले. गेलो की "बघतो" म्हणतात. आता काय करायचे?

पहिला प्रश्न आम्ही नेहमी हाच विचारतो: पोच आहे का? आमच्या गटाने सुरुवातीच्या काळात एकदा अर्जांचा अख्खा गठ्ठा एका कार्यालयात विश्वासाने ठेवून दिला, पोच मागितली नाही, आणि दोन महिन्यांनी तेथील नव्या कर्मचाऱ्याने असा गठ्ठा आलाच नसल्याचे सांगितले. त्या म्हाताऱ्या माणसांना दुसऱ्यांदा रांगेत उभे करताना जे वाटले ते विसरता येत नाही. तेव्हापासून पोच घेतल्याशिवाय आम्ही दारातून बाहेर पडत नाही.

कर्नाटकात 2011 चा नागरिक सेवा हमी कायदा आहे. त्याखालची व्यवस्था "सकाल" या नावाने 2012 पासून चालू आहे. तिच्यात येणाऱ्या सेवेचा अर्ज दिला की 15 अंकी जीएससी (सेवा हमी) क्रमांक मिळतो आणि ती सेवा किती दिवसांत द्यायची हे ठरलेले असते. या क्रमांकावरून अर्ज कोणाच्या टेबलावर थांबला आहे ते ऑनलाइन पाहता येते. मुदत उलटली किंवा अर्ज नाकारला गेला तर वरिष्ठ सक्षम अधिकाऱ्याकडे अपील करता येते, आणि उशिरासाठी दिवसाला 20 रुपये, जास्तीत जास्त 500 रुपये, इतकी भरपाई मागता येते. रक्कम लहान आहे हे खरे, पण उशीर झाल्याची नोंद अधिकाऱ्याच्या नावावर होते आणि तिचा परिणाम रकमेहून मोठा असतो.

जीएससी क्रमांकाचा कागद मिळताच त्याचा फोटो काढावा, तो वाडीच्या फोनमध्ये अर्जदाराच्या नावाने ठेवावा आणि मूळ कागद रेशन कार्डाच्या पिशवीत घालावा. छपाईचा कागद वर्षभरात पांढरा पडतो. फोटो टिकतो.

सेवेऐवजी तक्रार असेल, म्हणजे वागणूक, लाच किंवा बंद पडलेली सुविधा यांबद्दल, तर राज्याच्या जनस्पंदन व्यवस्थेत 1902 या क्रमांकावर ती नोंदवता येते. केंद्राच्या खात्याविरुद्ध, उदाहरणार्थ पोस्ट, राष्ट्रीयीकृत बँक किंवा भविष्यनिर्वाह निधी यांबद्दल, सीपीग्राम्स हे पोर्टल आहे. तेथे तक्रारीचा निपटारा साधारण 21 दिवसांत करावा असे ऑगस्ट 2024 पासूनचे मार्गदर्शन आहे.

5. मराठीत लिहिलेला अर्ज घेत नाहीत. आम्हाला कन्नड लिहिता येत नाही. आमचा काही हक्क आहे की नाही?

आहे, आणि तो राज्यघटनेतच आहे. अनुच्छेद 350 प्रमाणे कोणत्याही व्यक्तीला आपल्या गाऱ्हाण्याचे निवारण व्हावे म्हणून केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देता येते. तेव्हा गाऱ्हाणे मराठीत देणे हा उपकार मागणे नव्हे. निवेदनाच्या माथ्यावरच "राज्यघटनेच्या अनुच्छेद 350 अन्वये" असे लिहावे, म्हणजे टेबलावर वाद घालण्याची वेळ कमी येते.

येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. ठरावीक नमुन्यातला ऑनलाइन फॉर्म हा निवेदन नव्हे. तो पोर्टलवर ज्या भाषेत आहे त्याच भाषेत भरावा लागतो, आणि तेथे अडून बसल्याने नुकसान त्या म्हाताऱ्या माणसाचेच होते. माहिती अधिकाराचा अर्ज हा तिसराच प्रकार आहे. त्याचे नियम प्रश्न 11 मध्ये दिले आहेत.

हक्क असला तरी आमचा अनुभव सांगतो की मराठी निवेदनाला कन्नड भाषांतर जोडले की काम लवकर होते. टेबलावरचा कर्मचारी बहुधा बागलकोट किंवा विजापूरकडचा असतो. त्याला मराठी वाचता येत नाही यात त्याचा दोष नाही. वर मराठी मूळ, खाली कन्नड अनुवाद आणि दोन्हीवर आजीची सही किंवा अंगठा, अशी पद्धत आम्ही ठेवली आहे. मूळ मराठीत असण्याचे कारण असे की ज्याचे गाऱ्हाणे आहे त्याला ते वाचून दाखवता आले पाहिजे आणि "हेच मला म्हणायचे आहे" असे त्याने म्हटले पाहिजे.

6. भाषांतराचे ॲप किंवा एआय वापरून अर्ज लिहिला तर चालेल का?

मसुद्यापुरता चालेल. केंद्र सरकारची भाषिणी सेवा आणि फोनमधील इतर भाषांतर-ॲप मराठीतून कन्नडमध्ये बऱ्यापैकी अर्थ पोहोचवतात. बोलून टंकलेखन करण्याची सोय तर ज्येष्ठांसाठी वरदान आहे, कारण ज्यांना लिहिता येत नाही ते स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या क्रमाने सांगू शकतात.

सांभाळायचे ते असे. माणसांची, गावांची आणि नात्यांची नावे ॲप हमखास बिघडवते, म्हणून ती आधार कार्डावर जशी आहेत तशीच हाताने घालावीत. एआय कायद्याची कलमे आणि शासन निर्णयांचे क्रमांक आत्मविश्वासाने चुकीचे देते. एखादे कलम स्वतः तपासलेले नसेल तर ते अर्जात घालू नये, कारण एक खोटा क्रमांक सापडला की बाकीचा खरा अर्जही संशयाने पाहिला जातो. शेवटी कन्नड शाळेत शिकलेल्या एखाद्या नातीकडून तो मजकूर मोठ्याने वाचून घ्यावा. बहुतेक घरांत अशी नात असते.

7. पगार अचानक थांबला. बँक म्हणते आमच्याकडे आलाच नाही, नाडकचेरी म्हणते आम्ही पाठवला. खरे कोण?

पुष्कळदा दोघेही खरे असतात आणि पैसे अधल्यामधल्या दुव्यात अडकलेले असतात. थेट लाभ हस्तांतरणात (डीबीटी) रक्कम आधारला शेवटी जोडलेल्या बँक खात्यात जाते. कोणीतरी मधल्या काळात दुसरे खाते उघडून दिले असेल, पोस्टाच्या पेमेंट बँकेत किंवा एखाद्या शिबिरात, तर पैसे मुकाट्याने तेथे जमा होत राहतात. आधारच्या संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती पाहता येते आणि डीबीटी कर्नाटक या ॲपवर कोणती रक्कम कोणत्या तारखेला निघाली ते दिसते. आधी हे पाहावे आणि मगच बसभाडे खर्च करावे.

दोन्ही ठिकाणी आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, आणि आपल्याकडे तो मोबाईल बहुधा पुण्याला किंवा पणजीला असलेल्या मुलाचा असतो. मुलाने सिम बदलले की आईचा आधार मुका होतो. आधार केंद्रावर जाऊन क्रमांक बदलून घेणे हे आम्ही प्रत्येक गावात पहिले काम म्हणून सांगतो.

दुसरे कारण आपल्या भागाचे खास आहे आणि ते बाहेरच्या माणसाला पटकन समजत नाही. आपल्याकडे "ज्ञानेश्वर" हे नाव रोमन लिपीत लिहिताना डी-एन-वाय या अक्षरांनी सुरू करतात. कन्नड वळणाने तेच नाव जे-एन किंवा जी-एन ने सुरू होते. मराठी शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरे, बँकेत तिसरे आणि उताऱ्यावर कन्नडमध्ये चौथे अशी एकाच माणसाची चार नावे होतात, आणि संगणक त्यांना चार माणसे समजतो. बायकांच्या बाबतीत माहेरचे नाव, सासरचे नाव, "बाई" लावलेले आणि न लावलेले असे आणखी प्रकार होतात. येथे व्यक्तीगणिक दुरुस्ती करण्याबरोबरच गावातील अशा सर्व प्रकरणांची एक यादी करावी, त्यात चारही ठिकाणचे लेखन शेजारी शेजारी मांडावे आणि तहसीलदारांना एकत्रित निवेदन द्यावे. एकट्या माणसाचे प्रकरण त्याची वैयक्तिक चूक मानले जाते. पंचवीस नावांची यादी समोर आली की ती व्यवस्थेची चूक म्हणून दिसू लागते आणि त्यासाठी शिबिर लावता येते.

8. आईचा अंगठा यंत्रावर उमटत नाही. रेशनही मिळत नाही आणि पैसेही.

वयाने बोटांच्या रेषा झिजतात, आणि निपाणी भागातल्या ज्या बायकांनी उभे आयुष्य विड्या वळल्या किंवा वडगाव-शहापूरच्या ज्या विणकरांनी मागावर दिवस काढले त्यांच्या तर लवकर झिजतात. अंगठा न उमटणे म्हणजे माणूस खोटा असणे नव्हे. बाकीची बोटे वापरून पाहावीत, हात कोमट पाण्याने धुऊन कोरडे करावेत, आणि तरीही जमले नाही तर डोळ्यांच्या बुबुळांनी, चेहऱ्याने किंवा ओटीपीने ओळख पटवण्याची मागणी करावी. आधार केंद्रावर बोटांचे ठसे नव्याने देऊनही पुष्कळांचा प्रश्न सुटतो.

रेशनसाठी ऑक्टोबर 2017 मध्ये आधार प्राधिकरणाने राज्यांना स्पष्ट कळवले होते की यंत्राने ओळख पटली नाही एवढ्या कारणाने खऱ्या लाभार्थ्याला परत पाठवू नये आणि अशा नोंदीसाठी वेगळी वही ठेवावी. दुकानदाराने परत पाठवलेच तर त्या दिवसाची तारीख आणि वेळ आपल्या वहीत लिहावी. यंत्रावर आलेल्या नकाराच्या संदेशाचा फोटो मिळाला तर तो सर्वांत बोलका पुरावा ठरतो.

9. हयातीच्या दाखल्यासाठी दर नोव्हेंबरला बँकेत जावेच लागते का?

नाही. जीवन प्रमाण ही सोय नोव्हेंबर 2014 पासून आहे, आणि 2021 पासून साध्या अँड्रॉइड फोनवर चेहरा दाखवूनही डिजिटल दाखला देता येतो. एकाच फोनवरून अनेकांचे दाखले निघतात, त्यामुळे गावात एका दिवशी बसले तर सर्वांचे काम उरकते. केंद्र सरकारच्या 80 वर्षांवरील निवृत्तिवेतनधारकांना 1 ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. पोस्टमन घरी येऊनही तो करून देतो. त्यासाठी 70 रुपये शुल्क आहे.

माजी सैनिकांची संख्या आपल्याकडे मोठी आहे. त्यांचे निवृत्तिवेतन संरक्षण खात्याच्या "स्पर्श" या प्रणालीवर गेले असेल तर दाखलाही त्याच प्रणालीत पोहोचला पाहिजे, म्हणून जीवन प्रमाण भरताना निवृत्तिवेतन देणारी संस्था काळजीपूर्वक निवडावी. ईपीएस-95 (भविष्यनिर्वाह निधी कार्यालयाची कर्मचारी निवृत्तिवेतन योजना) घेणाऱ्यांचा, म्हणजे साखर कारखान्यांतून किंवा उद्यमबागच्या फाउंड्रीतून निवृत्त झालेल्यांचा दाखला ज्या दिवशी दिला त्या दिवसापासून वर्षभर चालतो, नोव्हेंबरचीच वाट पाहावी लागत नाही. या योजनेचे किमान निवृत्तिवेतन 2014 पासून 1000 रुपयेच आहे. दाखला काढायला आलेल्यांची वही केली तर ही रक्कम वाढवून मागण्यासाठी लागणारी यादी आपोआप तयार होते.

10. गावातल्या ज्येष्ठांची माहिती गोळा करायची तर कशी करावी?

कमी प्रश्न विचारावेत. वय, एकटे राहतात की कोणासोबत, कोणती पेन्शन मिळते, शेवटची कधी मिळाली, जवळचा दवाखाना किती दूर आहे, आधारचा मोबाईल कोणाकडे आहे, एवढे पुरते. वीस प्रश्नांचा फॉर्म घेऊन बसले की समोरचे माणूस थकते आणि उत्तरेही थकलेली येतात.

नेटवर्क असेल तेथे साधा गुगल फॉर्म चालतो. पण भीमगड अभयारण्यातल्या आमगाव, गवाळी, कोंगळा यांसारख्या वस्त्यांत रेंज शोधत टेकडीवर चढावे लागते, आणि पावसाळ्यात ओढे भरले की वस्तीच तुटते. अशा ठिकाणी कोबो टूलबॉक्ससारखे मोफत साधन वापरावे. त्यात नेटवर्कशिवाय माहिती भरता येते आणि खानापूरला परतल्यावर ती वर चढते. घराचे ठिकाणही त्यात नोंदवता येते. दवाखान्यापर्यंतचे अंतर नकाशावर दाखवले की बैठकीतला सूर बदलतो, हे आम्ही पाहिले आहे. "गाव लांब आहे" या वाक्याला कोणी उत्तर देत नाही. "या घरापासून आरोग्य केंद्र इतके किलोमीटर, त्यांतले इतके चालत" याला उत्तर द्यावे लागते.

माहिती विचारताना आपण पगार मंजूर करून आणणार आहोत असा समज होऊ देऊ नये. आजी चहा ठेवते, डब्यातून कागदांची पिशवी काढते आणि आशेने बघते. ही माहिती कशासाठी आहे आणि तिने काय होणार नाही, हे त्या क्षणी स्पष्ट सांगणे हाच तिचा मान आहे.

11. माहिती अधिकाराचा अर्ज मराठीत करता येतो का, आणि त्यात काय विचारावे?

माहिती अधिकार कायदा 2005 च्या कलम 6 प्रमाणे अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा असतो. कर्नाटकात राजभाषा कन्नड आहे, त्यामुळे मराठी अर्ज या कारणावरून परत येऊ शकतो. ज्यांना कन्नड येत नाही त्यांनी हिंदीत लिहावे. लिपी तीच असल्याने ज्येष्ठांनाही तो वाचता येतो. उत्तर कन्नडमध्ये येण्याची तयारी ठेवावी.

कर्नाटकच्या नियमांत आणखी एक मर्यादा आहे: अर्ज 150 शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर असावा लागतो. शुल्क 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तींना माफ. राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरूनही अर्ज करता येतो. उत्तराची मुदत 30 दिवस, आणि ते न आल्यास किंवा अपुरे आल्यास 30 दिवसांत पहिले अपील.

"ज्येष्ठांसाठी काय केले?" असा प्रश्न विचारला की एक परिपत्रक जोडून पाठवतात. मोजता येईल ते विचारावे. उदाहरणार्थ, राष्ट्रीय वृद्ध आरोग्य सेवा कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात 10 खाटांचा वेगळा वृद्धरुग्ण विभाग अपेक्षित आहे. आपल्या जिल्ह्यात त्यांतल्या किती खाटा आज चालू आहेत आणि मागील वर्षी किती रुग्ण दाखल झाले, हा एक पुरेसा अर्ज झाला. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याखाली तालुक्यातून किती अर्ज आले आणि किती 90 दिवसांत निकाली निघाले, हा दुसरा. दोन विषय, दोन अर्ज.

12. माहिती जमली. आता ती कोणापुढे मांडायची?

सुरुवात ग्रामसभेपासून करावी. कर्नाटकाच्या कायद्याप्रमाणे ग्रामसभा सहा महिन्यांतून किमान एकदा घ्यावी लागते. ज्येष्ठांचा विषय तीत ठराव म्हणून लिहून घेतला आणि पीडीओंच्या (पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या) सहीची प्रत मिळवली की पुढच्या प्रत्येक कार्यालयात तो कागद आपल्या आधी बोलतो. जे ज्येष्ठ येऊ शकत नाहीत त्यांचे म्हणणे फोनवर ध्वनिमुद्रित करून सभेत ऐकवावे. दोन मिनिटे पुरे.

जिल्हा पातळीवर जिल्हाधिकारी आणि जिल्हा पंचायत आहे. त्यापुढे बेळगावकरांना एक सोय आहे जी राज्यातील इतर जिल्ह्यांना नाही. सुवर्ण विधानसौधाचे उद्घाटन 2012 मध्ये झाले आणि विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन तेथे भरते. एरवी बेंगळूरपर्यंत रात्रभर प्रवास करून जी दारे गाठावी लागतात ती त्या दिवसांत आपल्या गावाशेजारी असतात. अधिवेशन सुरू झाल्यावर निवेदन घेऊन धावण्यात अर्थ नाही, कारण तेव्हा रस्त्यावर पन्नास संघटनांची गर्दी असते. महिना-दीड महिना आधी आपल्या आमदारांना दोन पानांचा गोषवारा द्यावा आणि सभागृहात विचारता येईल असा एकच नेमका प्रश्न लिहून द्यावा. सभागृहात दिलेले उत्तर छापील असते आणि पुढे त्याच उत्तराचा आधार घेऊन विचारता येते.

13. ऑनलाइन सह्यांची मोहीम किंवा व्हिडिओ व्हायरल केला तर लवकर होईल ना?

क्वचित. सह्यांचे दुवे फिरतात, पण त्या सह्या कोणाच्या आणि कोठल्या हे कळत नसल्याने कार्यालयात त्यांना वजन नसते. वॉर्डातल्या चाळीस ज्येष्ठांच्या हाताने केलेल्या सह्या आणि अंगठे स्कॅन करून ईमेलने पाठवणे आणि मूळ कागद पोचेसह देणे अधिक उपयोगी. व्हिडिओबद्दल पुढचा प्रश्न पाहावा.

14. व्हॉट्सॲप गटावर आजीचा फोटो, आधार कार्ड टाकले तर चालते का? सगळे ओळखीचेच आहेत.

टाकू नये. गटातला एक फोन चोरीला गेला तरी सर्वांची कागदपत्रे परक्या हाती जातात. आधारची प्रत पाठवावीच लागली तर शेवटचे चार अंकच दिसणारी मुखवटा लावलेली प्रत आधारच्या संकेतस्थळावरून काढावी, ती फक्त संबंधित व्यक्तीला पाठवावी आणि काम झाल्यावर पुसावी. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, आमच्या कार्यकर्त्यालाही नाही. ओटीपी टाकताना तो ज्येष्ठ स्वतः शेजारी बसलेला असावा. पैसे गेलेच तर वेळ न दवडता 1930 या सायबर हेल्पलाइनवर कळवावे. फोनवर पोलिसांचा गणवेश दाखवून "तुम्हाला डिजिटल अटक केली आहे" असे सांगणारा माणूस ठकच असतो, कायद्यात असा प्रकार नाही.

फोटो आणि व्हिडिओचा प्रश्न पैशांपेक्षा नाजूक आहे. गळक्या छपराखाली बसलेल्या आजोबांचा व्हिडिओ पाहून लोक हळहळतात, पण गावात त्या घराची लाज निघते आणि मुलगा पुन्हा दार उघडत नाही. 2023 च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने संमतीला महत्त्व दिले आहे. कायदा नसता तरी आम्ही हेच केले असते: चित्र त्या व्यक्तीला दाखवावे, कोठे जाणार ते मराठीत सांगावे, आणि "नको" म्हटले तर तेथेच थांबावे. चेहऱ्याऐवजी झिजलेले हात, बंद दवाखान्याचे कुलूप किंवा पोचांची पिशवी दाखवूनही म्हणणे पोहोचते.

15. शेजारच्या म्हातारीला मुलगा मारतो, जेवू घालत नाही. आम्ही बाहेरचे, काय करू शकतो?

14567 ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन, एल्डरलाइन, सकाळी 8 ते रात्री 8 पर्यंत चालते आणि शेजाऱ्यालाही तेथे फोन करता येतो. बोलताना सुरुवातीलाच जिल्हा, तालुका आणि गाव सांगावे. जिवाला धोका असेल तर आधी 112.

निर्वाहासाठी 2007 चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा आहे. त्याखालचे न्यायाधिकरण प्रांताधिकाऱ्यांकडे असते. जिल्ह्यात बेळगाव, बैलहोंगल आणि चिकोडी असे तीन उपविभाग आहेत. अर्ज ज्येष्ठाने स्वतः करावा, तो असमर्थ असेल तर त्याने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था करू शकते, आणि न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकते. नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाल अपेक्षित आहे, अपवादात्मक स्थितीत आणखी 30 दिवस. मधल्या काळासाठी अंतरिम रक्कमही मागता येते. ज्येष्ठाला सोडून देण्याच्या हेतूने टाकून जाणे हा याच कायद्याखाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशा शिक्षेचा गुन्हा आहे.

16. मुलगा पुण्यात आहे. जमीन त्याच्या नावावर करून दिली आणि आता तो विचारत नाही. अर्ज पुण्यात करावा लागेल का?

नाही. ज्येष्ठ जेथे राहतात, जेथे शेवटचे राहत होते, किंवा मुले जेथे राहतात, यांपैकी कोणत्याही जिल्ह्यात अर्ज करता येतो. त्यामुळे बेळगावात अर्ज करून मुलाला येथे बोलावता येते, आणि तो जाणूनबुजून टाळत असेल तर त्याच्या गैरहजेरीतही निर्णय होऊ शकतो.

जमिनीबद्दल कलम 23 आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली असेल आणि ती अट पाळली गेली नसेल, तर ते हस्तांतरण रद्द ठरवून मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये ती अट होती हे सिद्ध व्हावे लागते असे सांगितले, आणि जानेवारी 2025 मधील एका निकालात हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचावा असे म्हटले. म्हणून जे अजून बक्षीसपत्र करणार आहेत त्यांनी सांभाळाची अट दस्तातच लिहून घ्यावी. ज्यांनी आधीच करून दिले आहे त्यांनी मुलाचे जुने संदेश, आवाजी निरोप आणि पैसे पाठवल्याच्या बँक नोंदी जपून ठेवाव्यात. "आई, तुला मी बघतो, तू फक्त सही कर" असा एक आवाजी निरोप फोन बदलताना पुसला गेला की तो परत मिळत नाही.

17. उपचार कोल्हापुरात घेतो, रेशन कार्ड कर्नाटकाचे आहे. कोणती योजना लागू होते?

योजना पत्त्यावरून ठरतात, भाषेवरून नाही, म्हणून कर्नाटकातील रहिवाशाने प्रथम आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकचे कार्ड तयार ठेवावे. 70 वर्षांवरील सर्वांसाठी उत्पन्नाची अट न ठेवता वर्षाला 5 लाखांपर्यंतचे संरक्षण केंद्राने 29 ऑक्टोबर 2024 रोजी सुरू केले. महाराष्ट्र सरकारने 2023 मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील 865 गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला. यांतले काय कोठे चालते हे रुग्णालयागणिक बदलते. रुग्णाला गाडीत घालण्यापूर्वी त्या रुग्णालयाच्या योजना कक्षाला फोन करावा, आजाराचे नाव आणि कार्डाचा प्रकार सांगावा, आणि "हो" म्हणणाऱ्याचे नाव व वेळ लिहून घ्यावी. कक्षाने नाकारले तर कारण लेखी मागावे. अशी नाकारल्याची पत्रे गावोगावच्या गटांनी जपून ठेवावीत, कारण प्रश्न 12 मधल्या दोन पानांच्या गोषवाऱ्याला तीच जोडायची असतात.